टाळेबंदीतला शिधा : गिरणी कामगार, उधारी आणि पनवेलपलीकडची गावे

औद्योगिक कायद्यात टाळेबंदीचा अर्थ नेमका ठरलेला आहे : मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम थांबवणे किंवा नोकरीत असलेल्या कामगारांना कामावर घेण्यास नकार देणे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संप आणि टाळेबंदी यांचा विचार एकाच प्रकरणात केला होता, आणि कामगाराच्या घरातून पाहिले तर ही जोडणी योग्यच ठरते. कारण काम थांबवण्याचा निर्णय त्याचा असो वा मालकाचा, पगार दोन्ही प्रसंगी थांबतो, आणि मालकाजवळ साठवलेला माल व बँकेतली पत असते तेव्हा कामगाराजवळ फार तर काही दिवसांचे धान्य असते. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास नेत्यांच्या, वाटाघाटींच्या आणि चौकशी समित्यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु गिरण्यांचे दरवाजे बंद असलेल्या महिन्यांत लाखांनी मोजावी लागणारी ही माणसे जगली कशी, हा प्रश्न त्यात बहुधा ओझरताच येतो. त्यांना जगवण्याचे थोडे काम संघटनांनी केले. त्याहून पुष्कळ मोठे काम संघटनेचे सभासद नसलेल्यांनी केले, म्हणजे चाळीखालच्या वाण्याने, खानावळ चालवणाऱ्या बायकांनी आणि पनवेलच्या पुढे सुरू होणाऱ्या कोकणातल्या, तसेच घाटावरच्या गावांनी.

या कहाणीत पनवेल पुन्हा पुन्हा येते ते त्याच्या भूगोलामुळे. खाडीकाठचे हे जुने बंदर मुंबई आणि देश यांच्यामधला उंबरठा होते. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पडावाने पनवेलला उतरून बोरघाटमार्गे पुण्याला जाण्याची वहिवाट होती, आणि याच वाहतुकीवर व भाताच्या व्यापारावर वाढलेल्या या गावाला १८५२ मध्येच नगरपालिका मिळाली. पुढे मोटाररस्त्यांच्या काळात पुण्याची आणि गोव्याची वाट जिथे वेगळी होते तो पळस्पे फाटा पनवेललगतच आला, त्यामुळे साताऱ्याकडचा असो की महाड, चिपळूण, सावंतवाडीकडचा, एस. टी. ने गावी निघालेला गिरणी कामगार पनवेलवरूनच पुढे जाऊ लागला. गिरण्या ज्या जिल्ह्यांच्या माणसांवर चालत होत्या त्यांत पनवेल तालुक्याचा स्वतःचा वाटा रत्नागिरी किंवा साताऱ्याच्या मानाने लहान होता. पण मुंबईतला पगार आणि गावातली जमीन या दोहोंवर मिळून चालणाऱ्या संसाराची वाट इथूनच जात होती.

त्या संसाराची घडण समजल्याखेरीज एकाही मोठ्या टाळेबंदीचा अर्थ लागत नाही. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या सुमारे पावणेबारा लाख लोकसंख्येपैकी बहुसंख्य लोक शहराबाहेर जन्मलेले होते आणि त्यांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले दोन लाखांहून अधिक होते. (तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग येत असे.) गिरणीचा पगार महिन्याने आणि तोही महिना उलटल्यावर काही दिवसांनी हाती पडत असल्यामुळे नव्याने कामाला लागलेला माणूस पहिला पगार मिळेपर्यंत दीड महिना उधारीवर जगे, आणि एकदा सुरू झालेली ही उधारी पुढे सहसा संपत नसे. मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी पाहणी केली तिच्यात जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे दिसले; व्याजाचा दर पुष्कळदा रुपयामागे महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला पाऊणशे टक्के, इतका असे. वाणी हा त्या अर्थाने कामगाराचा शोषक होताच. पण टाळेबंदीच्या काळात तोच त्याचा पहिला आधारही ठरे, कारण जुनी बाकी वसूल व्हायची असेल तर गिऱ्हाईक जगले पाहिजे आणि वस्तीत टिकले पाहिजे, हे त्याला ठाऊक होते, आणि वस्तीच्या मर्जीबाहेर जाऊन दुकान चालवणे त्याला परवडणारे नव्हते. या व्यवहारात माया आणि स्वार्थ यांची वाटणी करू पाहणे व्यर्थ आहे. दोन्ही होते, आणि दोन्ही असल्यामुळेच तो व्यवहार टिकला.

या व्यवस्थेची पहिली मोठी कसोटी १९२४ च्या आरंभी लागली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरणीमालकांनी सलग काही वर्षे कामगारांना बोनस, म्हणजे नफ्यातून पगाराव्यतिरिक्त द्यायची एकरकमी रक्कम, दिला होता आणि कामगार तो आपल्या कमाईचाच भाग मानू लागले होते. १९२३ मध्ये मालक संघाने यंदा बोनस नाही असे जाहीर केले, जानेवारीत कामगार बाहेर पडले, मालकांनी टाळेबंदी पुकारली आणि सुमारे दीड लाख माणसे रस्त्यावर आली. या लढ्यामागे एकही स्थिर संघटना नव्हती, ही गोष्ट आज ध्यानात घेण्यासारखी आहे. ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन स्थापन झाली ती १९२६ मध्ये, म्हणजे १९२४ च्या कामगाराकडे ना संपनिधी होता ना सभासदांची यादी. तरीही ही माणसे मार्चअखेरपर्यंत, दोन महिन्यांहून अधिक काळ, टिकून राहिली. मार्चमध्ये गोळीबार झाला आणि त्यात कामगार मारले गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असा निर्वाळा दिला आणि लोक रिकाम्या हातांनी कामावर परतले. संघटना नसताना इतके दिवस काढता आले ते केवळ उधारी, चाळ आणि गाव यांच्या बळावर, आणि पुढच्या काळातल्या संघटनांनी हा धडा मनावर घेतला असे म्हणण्यास जागा आहे. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली तेव्हा पुन्हा संप झाला, आणि त्या वेळी जोशींनी मदतकार्य पद्धतशीरपणे उभे करून बाहेरच्या कामगार संघटनांचेही साहाय्य मिळवले. डिसेंबरात सरकारने कापडावरील उत्पादनशुल्क स्थगित केले आणि मालकांनी कपात मागे घेतली. हे नारायण मल्हार जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गोरेगावचे. कामगाराचा संसार दोन ठिकाणी पोसला जातो हे त्यांना कोणत्याही अहवालातून शिकावे लागले नसणार.

१९२८ चा सार्वत्रिक संप हा या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. कामगारकपात आणि कामाचा वाढता बोजा हे त्याचे मूळ होते. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळावेत अशी नवी पद्धत काही गिरण्यांत आणली गेली होती. एप्रिलमध्ये सुरू झालेला हा संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिटला; दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते आणि कामाचे दोन कोटींहून अधिक दिवस बुडाले. संप चालू असतानाच, २२ मे रोजी, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली, श्री. अ. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांच्याबरोबर तिच्या नेतृत्वात अर्जुन आळवे आणि गो. रा. कासले हे कामगारही होते, आणि ना. म. जोशींच्या नेमस्त संघटनेसह संयुक्त संप समिती बनवून हा लढा चालवला गेला. समितीने धान्यवाटपाची केंद्रे उघडली, वर्गणी गोळा केली, परदेशातून, अगदी सोव्हिएत रशियातल्या कापड कामगारांकडूनही, मदत आली आणि त्या मदतीवरून सरकारदरबारी मोठा गदारोळ झाला. पण सहा महिन्यांचा हिशेब मांडला तर ही सगळी मदत गरजेच्या मानाने अल्पच ठरते.

खरे बळ पंचांगातून आले. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत हजारो कामगार गावी जात. लग्ने उरकायची, घर शाकारायचे, राब भाजायचे (म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा व शेण पसरून ती भाजून घ्यायची) आणि पावसाच्या तोंडावर पेरणीला हात लावून परतायचे, असा शिरस्ता होता. कोकणपट्टीतल्या आगबोटी मेअखेरीस पावसाळ्यासाठी बंद होत, त्यामुळे जायचे असेल तर त्याआधीच जावे लागे. १९२८ चा संप नेमका या हंगामावर आला आणि कामगारांचे लोंढेच्या लोंढे गावाकडे वळले. मुंबईत खाणारी तोंडे कमी झाली, मागे राहिलेल्यांवरचा उधारीचा ताण हलका झाला, आणि जे गेले ते गावावर नुसते भार म्हणून गेले नाहीत, तर पेरणी-लावणीच्या दिवसांत कामाचे हात म्हणून गेले. मालकांचा अंदाज असा असावा की उपासमार कामगाराला लवकरच दारात आणील. तो चुकला, कारण कामगाराची भाकरी फक्त गिरणीत भाजली जात नव्हती. सप्टेंबरअखेर गावची शिल्लक संपत आलेली, नवे भात अजून शेतात उभे, आणि मुंबईतल्या वाण्याची बाकी डोक्यावर, अशा वेळी तडजोडीला दोन्ही बाजू तयार झाल्या आणि प्रश्न चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीकडे सोपवला गेला. गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर पन्नास हजारांच्या पुढे गेले, तेव्हा त्या संख्येच्या पाठीशी या सहा महिन्यांत लोकांनी सोसलेले होते.

मात्र 'गावाने सांभाळले' असे सरसकट म्हणताना एक गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेतले जात नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यात सवर्ण विणकरांना विटाळ वाटे; म्हणजे त्यांची कमाई कमी, आणि गावी बहुतेकांची जमीनही नावापुरती किंवा मुळीच नाही. सहा महिने कळ काढण्याची ताकद ज्या शेतातून येत होती ते शेतच त्यांच्याकडे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणकाम खात्यातल्या या बंदीचा प्रश्न त्या वेळच्या संपनेत्यांपुढे स्पष्टपणे ठेवला आणि लांबलेल्या संपाची सर्वांत मोठी किंमत या कामगारांना मोजावी लागते, म्हणून १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. त्यांचा विरोध संपाच्या हक्काला नव्हता. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला, संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला. समाजाच्या आधाराची भाषा करणाऱ्या प्रत्येक संघटनेला तो समाज कोणाकोणाचा आहे हा प्रश्न त्यांनी घालून दिला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर गिरणगावाला अखेरपर्यंत पूर्णपणे देता आले नाही.

याच काळात पनवेलच्या दक्षिणेला, कुलाबा जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यात, आधाराची दिशा उलट करून पाहावी असा एक लढा झाला. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावचा शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, वसुलीविरुद्ध १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये शेती न करण्याचा संप पुकारला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो १९३९ पर्यंत चालवला. इथे काम थांबले ते शेतावरच, त्यामुळे परतून जायला शेत नव्हते. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून वर्षे काढली. १९३४ मध्ये आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. गिरणीचा संप आणि शेताचा संप यांना एकच सोशिकता लागते, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे शेतकरी कामगार पक्ष स्थापन झाल्यावर त्याचा लाल बावटा अलिबाग, पेण, पनवेल, उरण या पट्ट्यात इतका खोल रुजला, त्याचे एक कारण या शेतकरी लढ्याच्या आठवणीत शोधले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर गिरणगावाची व्यवस्था वरवर तीच राहिली, तरी तिचा एक खांब फार उशिरा इतिहासाच्या नजरेत आला. गावाहून एकटे आलेले पुरुष एकेका गावाच्या सामाईक खोलीत दाटीवाटीने राहत आणि जेवणासाठी खानावळ लावत. ही खानावळ म्हणजे बहुतेक वेळा दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी एखादी बाई, जी दहा-वीस माणसांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवू घाली. महिनाअखेरीस पैसे आले की ती वाण्याची बाकी चुकती करी, म्हणजे कामगाराचा पगार अडकला की पहिला फटका तिला बसे. १९७३-७४ चा बेचाळीस दिवसांचा गिरणी संप या बायकांनी अक्षरशः आपल्या अंगावर काढला. संपकरी जेवत राहिले, आणि दागिने गहाण पडले ते यांचे. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कम्युनिस्ट कार्यकर्त्या म्हणून काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. कामगार चळवळीला दोन वेळचे जेवण देणाऱ्या स्त्रिया चळवळीच्या हिशेबवहीत त्यापूर्वी कधीच आल्या नव्हत्या, ही त्या चळवळीची मोठी उणीव मानावी लागेल. संपाच्या यशापयशाचे श्रेय घेणारे नेते अनेक झाले, परंतु थकलेली बाकी कोणी किती सोडून दिली याची नोंद कोणत्याही संघटनेच्या वृत्तान्तात सापडत नाही.

मग आला १८ जानेवारी १९८२. सुमारे साठ गिरण्यांतले जवळपास अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संपावर गेले. घाटकोपरच्या या डॉक्टरने अभियांत्रिकी कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून दाखवल्या होत्या, आणि १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार आपण होऊन त्यांच्याकडे गेले होते. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना (म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत रोज दारात उभे राहून मिळाले तरच काम करणाऱ्यांना) कायम करण्याच्या होत्या. पण खरी कोंडी कायद्यात होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकच संघटना 'प्रातिनिधिक' ठरे आणि मालकाशी बोलण्याचा अधिकार तिलाच असे. हे स्थान काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते, आणि कामगार त्या संघाला मानायला तयार नव्हते. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना बोलण्याचा हक्क नाही आणि ज्यांना हक्क आहे त्यांच्यामागे कामगार नाहीत, अशा अवस्थेत वाटाघाटीचा रस्ताच उरला नाही आणि सगळा भार पुन्हा एकदा कळ काढण्याच्या ताकदीवर आला.

संप म्हणून सुरू झालेला हा लढा काही महिन्यांत व्यवहारात टाळेबंदीच होऊन बसला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. गिरण्यांत न खपलेला माल साठून होता, भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर कापड विणून घेऊन त्यावर गिरणीचा छाप मारण्याची सोय मालकांना मिळाली होती, जुन्या यंत्रांच्या गिरण्या चालवण्यापेक्षा बंद ठेवणेच अनेकांना सोयीचे होते, आणि मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांचे राज्य सरकार व दिल्लीतले केंद्र सरकार या दोघांनाही सामंतांना मान्यता द्यायची नव्हती. मालकाला घाई नसेल तर संपाचे हत्यार बोथट होते. कामगारांच्या बाजूने मात्र आधाराची जुनी सगळी दारे पुन्हा उघडली गेली. सामंतांच्या इतर कारखान्यांतल्या सभासदांनी वर्गणी दिली, धान्य वाटले गेले, डाव्या पक्षांनी आणि विशेषतः लाल निशाण पक्षाने ग्रामीण भागात संपाच्या बाजूने लोक उभे केले, आणि हजारो कामगार कुटुंबांसह किंवा कुटुंबाला मुंबईत ठेवून गावी गेले. पनवेलवरून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या गाड्यांनी त्या वर्षी नेलेले हे लोक सुटीवर चाललेले नव्हते. गावच्या शाळेत मुलांची नावे घालणे, भावाच्या वाट्याच्या शेतात राबणे, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणे, असे ज्याला जे जमले ते त्याने केले. आणि संपाला महिन्यांमागून महिने उलटत असतानाही बहुसंख्य कामगार फुटले नाहीत. मालकांनी नवे बदली भरून पोलीस बंदोबस्तात गिरण्या थोड्याथोड्या चालू केल्या तरीही हे खरे राहिले.

गावाची ताकद मात्र १९२८ ची राहिलेली नव्हती. मधल्या पन्नास वर्षांत भावाभावांत जमिनीच्या वाटण्या होऊन तुकडे आणखी लहान झाले होते, गावची घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जास्त अवलंबून राहू लागली होती, आणि ज्या हातांनी पैसे पाठवायचे तेच हात आता खायला आले होते. संप जानेवारीत सुरू झाल्यामुळे पेरणीला पाच महिने होते. त्या वर्षी देशभर पाऊसही सरासरीपेक्षा बराच कमी झाला. मुंबईत वाण्यांनी पहिले काही महिने उधार दिले, मग त्यांचेही भांडवल संपले. घरातली भांडी आणि मंगळसूत्रे विकली गेली, बायका धुण्याभांड्यांची कामे धरू लागल्या, वाढत्या वयाच्या मुलांची शिक्षणे अर्ध्यावर सुटली. या सगळ्याला 'समाजाने पाठ फिरवली' असे नाव देणारे चुकतात. समाजाने पाठ फिरवली नाही. त्याच्याजवळ जेवढे होते तेवढे त्याने देऊन टाकले, आणि समोरच्या बाजूला वाट पाहण्याची किंमत मोजावीच लागत नव्हती. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि लाखाच्या आसपास माणसांना पुन्हा गिरणीचे काम मिळाले नाही.

ही गावे जेव्हा संपकऱ्यांना पोसत होती तेव्हाच मुंबईला सर्वांत जवळच्या गावांची शेती नाहीशी होत होती. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी १९७० पासून संपादनात गेल्या होत्या. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची मासेमारी यांवर जगणाऱ्या माणसांना त्याचा मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. जासईचे सुपुत्र आणि पनवेलचे अनेक वर्षांचे आमदार दि. बा. पाटील यांनी उभारलेल्या आंदोलनावर १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, गोळीबार झाला आणि पाच जण मरण पावले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व त्या बलिदानातून आले. गिरणी संपाचा शेवट आणि जासईचा गोळीबार यांत काही महिन्यांचेच अंतर आहे, आणि दोन्ही घटनांना जोडणारा धागा जमिनीचा आहे. कामगाराला मालकापुढे ताठ उभे राहता येत होते ते कुठेतरी आपले दोन गुंठे आहेत या भरवशावर. तो भरवसा एकीकडे वाटण्यांनी, दुसरीकडे भूसंपादनाने संपत चालला होता, आणि त्याच्या जागी तळोजा व पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींत जे कारखाने आले त्यांत पुढे कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढत गेले. कंत्राटी कामगाराला बाहेर काढण्यासाठी दाराला टाळे लावावे लागत नाही.

गावाचा आधार आटल्यावर संघटनांनी मदतीची हाक कोणाला द्यायची याचे एक वेगळे उत्तर १९८८-८९ मध्ये शिवडीला मिळाले. हिंदुस्थान लिव्हरच्या तिथल्या कारखान्यात सुमारे वर्षभर टाळेबंदी चालली, तेव्हा कामगार संघटनेने गिऱ्हाइकांनाच आवाहन केले की कंपनीचा माल घेऊ नका. आणि साबण-पावडर बनवण्याचे ज्ञान मालकाचे नसून आपल्या हातांत आहे हे दाखवण्यासाठी कामगारांनी स्वतः धुण्याची पावडर तयार करून 'लॉकआउट' या नावाने विकली. गिरणी कामगाराने वाण्याकडे उधार मागितले होते. या कामगारांनी गृहिणीसमोर माल ठेवला आणि तो घेण्यातून तिला लढ्यात सामील करून घेतले. लढा मोठा नव्हता, पण त्यामागचा विचार मोठा होता : शहरातल्या कामगाराला आता शेत नसेल, तर त्याने बनवलेली वस्तू रोज वापरणारे लोक हाच त्याचा समाज आहे.

गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्यावर कामगारांच्या उरलेल्या संघटनांनी नोकरीची नाही, तर घराची मागणी धरली आणि त्या जमिनींचा काही वाटा कामगारांच्या घरांसाठी राखण्याचे धोरण राज्य सरकारला आखावे लागले. दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी म्हाडाकडे अर्ज केले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्यासाठी २,४१७ घरांची सोडत निघाली ती पनवेलजवळच्या कोन इथल्या इमारतींसाठी. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावर देण्यासाठी बांधलेल्या तिथल्या १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून प्रत्येकी एक घर करण्यात आले. करोनाच्या साथीत रायगड जिल्हा प्रशासनाने या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या, घरांची नासधूस झाली, मग दुरुस्ती कोणी करायची यावर कार्यालयांत पत्रे फिरत राहिली आणि सोडतीत नाव लागलेल्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार तोवर साठी ओलांडून गेला होता, आणि किल्ली घ्यायला आलेल्यांमध्ये अनेक जण वारस म्हणून आले होते.